खिशातला विस्तव

आपल्या आज्या-पणज्या विस्तव सांभाळायच्या. रात्री जेवणे झाली की चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायच्या. सकाळी राख बाजूला सारली की आत निखारा जिवंत असायचा. त्यावर चार काटक्या घालायच्या, फुंकर मारायची, की चूल पेटली. विस्तव घरातच होता, पण तो आपल्या जागी होता. लहान पोराला त्याच्याजवळ कोणी जाऊ देत नसे. पेंढा त्याच्यापासून लांब ठेवत.

पुढे कंदील आला. त्याची शिस्त आपण शिकलो. जळत्या दिव्यात रॉकेल ओतायचे नाही. कंदील वाऱ्यावर ठेवायचा नाही. मग गॅसची शेगडी आली. तिचीही शिस्त शिकलो. गॅसचा वास आला तर काडी ओढायची नाही, दिव्याचा खटका दाबायचा नाही, दारे-खिडक्या उघडायच्या.

आता घरात आणखी एक विस्तव आला आहे. त्याला ज्योत नाही, धूर नाही, वास नाही. तो खिशात बसतो. तो उशाला झोपतो. तो पोरांच्या हातात खेळतो. हा विस्तव म्हणजे मोबाईलची बॅटरी.

तुम्ही म्हणाल, "मोबाईल म्हणजे विस्तव कसा?" खरे आहे, तो एरवी जाळत नाही. लाखो माणसे रोज मोबाईल वापरतात आणि त्यांना काही होत नाही. पण राखेखालचा निखाराही एरवी कोणाला जाळत नव्हता. तो जाळू शकतो हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणूनच तो जाळत नव्हता. बॅटरीचे तसे नाही. ती जाळू शकते हे अजून घरोघरी ठाऊक नाही.

या पाठात आपण तिची शिस्त शिकू.

बॅटरी कुठे कुठे आहे?

आपण हातातल्या विजेरीलाही बॅटरी म्हणतो. या पाठात बॅटरी म्हणजे विजेरीच्या, मोबाईलच्या पोटातला तो डबा, ज्यात वीज साठते.

पूर्वी विजेरीत दोन सेल घालत. सेल संपले की टाकून द्यायचे आणि नवे आणायचे. ते सेल पुन्हा भरता येत नव्हते. आताची बॅटरी पुन्हा पुन्हा भरता येते. ती बहुतेक वेळा लिथियम-आयन जातीची असते. लिथियम हा एक धातू आहे. सगळ्या धातूंत हलका. म्हणून त्याची बॅटरी लहान होते, हलकी होते, आणि तिच्यात वीज मात्र पुष्कळ मावते.

अशी बॅटरी मोबाईलमध्ये आहे. पॉवर बँकेत आहे. पावसाळ्यात रात्री खेकडे धरायला जाताना पोरे कपाळाला दिवा बांधतात, त्यातल्या पुष्कळ दिव्यांत ती आहे. कानात घालायच्या यंत्रात, पोरांच्या खेळण्यातल्या गाडीत, फवारणीच्या काही पंपांत ती आहे. आणि नेरळ, कर्जत, चौक, खोपोलीच्या रस्त्याने आवाज न करता धावणाऱ्या विजेच्या स्कूटरमध्येही आहे.

ही बॅटरी वाईट नाही. तिने माणसाचे कष्ट कमी केले आहेत. आपल्या कर्जत तालुक्यातले माथेरानच पाहा. तिथे मोटारीला बंदी. माणसाला बसवून हातरिक्षा माणसानेच ओढायची, अशी तिथली जुनी रीत. २०२२ सालच्या डिसेंबर महिन्यात तिथे बॅटरीवर चालणारी ई-रिक्षा प्रयोग म्हणून सुरू झाली. चढणीवर माणसाच्या छातीवर येणारा भार बॅटरीने उचलला. असे उपयोगी यंत्र टाकून देऊन कसे चालेल? ते नीट वापरायला शिकले पाहिजे.

धरणाचे पाणी आणि बॅटरीतली वीज

वीज साठवणे म्हणजे काय, ते कर्जत-खालापूरच्या माणसाला समजायला सोपे आहे. आपल्या डोक्यावर घाट आहे. घाटावर लोणावळ्याच्या बाजूला टाटांनी धरणे बांधली. धरणात पावसाचे पाणी अडवले. ते मोठमोठ्या नळांतून घाटाखाली सोडले. पाण्याच्या जोराने खोपोलीत चाके फिरली आणि वीज तयार झाली. ही १९१५ सालची गोष्ट. पुढे १९२२ साली भिवपुरीलाही असेच वीजघर सुरू झाले. ती वीज मुंबईला गेली. तिच्यावर गिरण्या चालल्या.

आता विचार करा. धरणातले पाणी शांत दिसते. पण त्या शांत पाण्यात केवढा जोर साठलेला असतो! नळातून बेताने सोडले तर ते पाणी गिरणी चालवते. आणि बांध फुटला तर? तेच पाणी गावे वाहून नेते. पाणी तेच, जोर तोच. फरक एवढाच, की एकदा तो जोर बेताने बाहेर आला आणि एकदा एकदम आला.

बॅटरी म्हणजे विजेचे छोटे धरण. मोबाईलच्या बॅटरीत एवढी शक्ती असते की तिच्यावर नऊ वॅटचा दिवा सुमारे दोन तास जळेल. विजेच्या स्कूटरची बॅटरी तर फार मोठी. तिच्यात शे-दीडशे मोबाईलइतकी शक्ती असते. ती शक्ती बेताने बाहेर आली की स्कूटर धावते. एकदम बाहेर आली तर आग होते.

बॅटरीच्या पोटात काय असते?

दोन खोल्यांचे घर डोळ्यांपुढे आणा. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक पडदा आहे. बॅटरी तशीच असते. एका खोलीत ग्राफाईट असते. शिसपेन्सिलीत असते तेच हे. दुसऱ्या खोलीत लिथियम आणि दुसऱ्या धातूंची पूड असते. मधला पडदा प्लास्टिकचा असतो. तो आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. आणि हे सगळे एका द्रवात भिजलेले असते. हा द्रव रॉकेलसारखा पेट घेणारा असतो.

मोबाईल चार्जिंगला लावला की लिथियमचे कण पडद्यातून पलीकडच्या खोलीत जातात. मोबाईल वापरू लागलो की ते परत येतात. माणसे सकाळी बाजाराला जातात आणि संध्याकाळी घरी येतात, तसे हे जाणे-येणे. शेकडो वेळा ते बिनतक्रार चालते.

अशी बॅटरी १९९१ साली जपानमध्ये प्रथम विक्रीला आली. ती घडवण्यासाठी आधी कित्येक वर्षे शास्त्रज्ञ खपत होते. त्यांपैकी तिघांना, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना, २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता धोका कुठे आहे तो पाहू. सगळा खेळ त्या पातळ पडद्यावर आहे. पडदा फाटला की दोन्ही खोल्या एकमेकींना भिडतात. साठलेली शक्ती त्या एका जागी एकदम बाहेर येऊ लागते. तिथे उष्णता होते. पाणी १०० अंशांना उकळते, हे तुम्हाला माहीत आहे. हा पडदा साधारण १३० अंशांना वितळतो. म्हणजे उष्णतेने पडदा आणखी वितळतो. पडदा वितळला की उष्णता आणखी वाढते. द्रवाची वाफ होते. बॅटरी फुगते, फुटते आणि पेटते.

खळ्यावर भाताच्या उडव्या शेजारी शेजारी रचलेल्या असतात. एक पेटली की दुसरी पेटते, दुसरीवरून तिसरी. स्कूटरच्या बॅटरीत असे कित्येक सेल शेजारी शेजारी असतात. एक पेटला की शेजारचा तापतो आणि तोही पेटतो. म्हणून ही आग क्षणात वाढते.

आणखी एक गोष्ट. चुलीवर राख टाकली की हवा बंद होते आणि विस्तव दबतो. बॅटरीची आग अशी सहज दबत नाही. तापलेल्या बॅटरीच्या पोटातूनच प्राणवायू सुटतो. वरून घोंगडी टाकली तरी आतली आग चालूच राहते. आणि तिचा धूर विषारी असतो.

पडदा कशाने फाटतो?

पडदा फाटण्याची कारणे बहुतेक आपल्या हातातली आहेत.

पहिले कारण मार. मोबाईल जोराने आपटला, त्यावर जड वस्तू पडली, कोणी बॅटरीत खिळा किंवा सुरी खुपसली, की पडद्याला भोक पडते. कधी कधी आग लगेच लागत नाही. बॅटरी जखमी होते आणि पुढे केव्हातरी पेटते.

दुसरे कारण ऊन आणि उष्णता. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या घरात काय तापते, ते आपण सोसतो. अशा तापलेल्या पत्र्याखाली, उन्हातल्या गाडीत किंवा चुलीच्या कट्ट्यावर बॅटरी ठेवली तर ती आतून बिघडते. हवा ४५ अंशांच्या वर तापली असेल तर बॅटरी चार्जिंगला लावूच नये.

तिसरे कारण चुकीचा चार्जर. चांगल्या बॅटरीत एक लहानसा राखणदार बसवलेला असतो. बॅटरी भरली की तो वीज बंद करतो. जास्त तापली तरी बंद करतो. स्वस्तातल्या नकली मालात हा राखणदार दुबळा असतो, नाहीतर नसतोच. मग भरलेल्या धरणात आणखी पाणी शिरत राहावे, तसे होते. स्कूटरच्या बाबतीत तर फारच जपावे. ६० व्होल्टच्या गाडीचा चार्जर ४८ व्होल्टच्या गाडीला लावणे म्हणजे आगीला बोलावणे आहे. ज्या गाडीचा चार्जर तिलाच लावा.

चौथे कारण पाणी. पावसात भिजलेला, ओढ्यात पडलेला मोबाईल वरून कोरडा दिसतो. पण आत ओल राहते. तो तसाच चार्जिंगला लावू नका. चुलीपाशी शेकवून वाळवूही नका. बंद करून ठेवा आणि जाणत्या कारागिराला दाखवा. पुराच्या पाण्यात बुडालेली स्कूटर तर कंपनीच्या माणसाने तपासल्याशिवाय चालू करू नका.

पाचवे कारण जुना माल नवा म्हणून घेणे. टाकून दिलेल्या यंत्रांतले जुने सेल काढतात, त्यांना नवा रंगीत कागद गुंडाळतात आणि विकतात. वर मोठमोठे आकडे छापतात. आत जीव नसतो. बाजारात अर्ध्या किमतीला मिळणारी पॉवर बँक दिसली की आधी मनाला विचारा, ही इतकी स्वस्त का?

जे घडले ते ऐका

वसई आपल्यापासून फार लांब नाही. २०२२ सालच्या सप्टेंबर महिन्यात तिथे एका घरात विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून आणली आणि बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली. रात्र होती. घर झोपले. त्याच खोलीत सात वर्षांचा एक मुलगा आजीजवळ झोपला होता. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. मुलगा फार भाजला. काही दिवसांनी रुग्णालयात तो वारला.

त्या घराने काही वेडेपणा केला नव्हता. दिवसभर काम करायचे, रात्री बॅटरी भरायला लावायची, सकाळी पुन्हा कामाला जायचे. आपण सगळे हेच करतो. म्हणूनच ही गोष्ट ऐकताना ती आपल्याच घरातली वाटते.

त्याच महिन्यात १२ तारखेला सिकंदराबाद शहरात एका इमारतीला आग लागली. खाली विजेच्या स्कूटरींचे दुकान होते आणि वर उतरायचे हॉटेल होते. धूर जिन्याने वर चढला. ८ माणसे मेली. त्याच वर्षी मार्च महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक स्कूटर पेटली होती. देशात इतर ठिकाणीही अशा आगी लागल्या.

केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. गाड्यांच्या बॅटऱ्यांचे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. बॅटरी आतून तापू लागली तर चालवणाऱ्याला आधीच इशारा मिळावा, अशीही तरतूद त्यांत आहे. नियमाने कारखान्यातला माल सुधारतो. पण घरात बॅटरी कुठे ठेवायची, हे पाहायला सरकार येत नाही. ते आपणच पाहायचे.

आपल्या घरातली रात्र

समजा, वाडीवरचे एक घर आहे. भिंती कारवीच्या कुडाच्या. वर माळ्यावर पेंढा. विजेचा बोर्ड एकच, तोही दाराजवळ. रात्रीची जेवणे झाली आहेत. सून अंथरूण घालते आहे. सासू विचारते,

"अगं, मोबाईल कुठं हाय?"

"हा काय आत्या, उशीखाली. चार्जिंगला लावलाय."

"उशी गरम लागतेय गं."

"रोजच लागते. त्यात काय?"

"निखारा कुनी उशीखाली ठेवतं का?"

"निखारा नाय आत्या, मोबाईल हाय तो!"

"गरम हाय ना? मग काढ तिथनं. नीज मोडली तरी चालंल माझी."

या आजीने शाळा पाहिलेली नाही. पण तिने जन्मभर विस्तव सांभाळला आहे. गरम वस्तू कापसाजवळ नको, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. उशीखाली ठेवलेल्या मोबाईलची उष्णता बाहेर जात नाही. ती कोंडते आणि वाढते. उशी कापसाची, गोधडी कापसाची, भिंत काटक्यांची, वर पेंढा. ठिणगी पडली तर काय राहील?

कोणी म्हणेल, "चांगला मोबाईल भरला की आपोआप बंद होतो. मग रात्री लावला तर बिघडले काय?" हे बरेचसे खरे आहे. पण दिवसा बॅटरी बिघडली तर आपल्याला वास येतो, धूर दिसतो, आपण पळू शकतो. झोपलेल्या माणसाला यातले काही करता येत नाही. म्हणून मोबाईल संध्याकाळी भरा. स्वयंपाक चालू आहे, माणसे जागी आहेत, तेवढ्यात तो भरतो. निजताना चार्जर बोर्डातून काढा.

बोर्ड दाराजवळ असेल तर आणखी एक काळजी घ्या. स्कूटरची बॅटरी दारात किंवा जिन्यात चार्जिंगला लावू नका. तिथेच आग लागली तर बाहेर पडायचे कुठून? ती बाहेर पडवीच्या टोकाला, सावलीत, कोरड्या जागी, पेंढा-लाकडांपासून लांब लावा. लांबून ओढलेल्या, जोड मारलेल्या वायरीवर लावू नका. उंदराने कुरतडलेली वायर ताबडतोब बदला.

फुगलेली बॅटरी

आपली काटकसरीची सवय चांगली आहे. फाटलेल्या लुगड्याची आपण गोधडी करतो. फुटक्या मडक्यात तुळस लावतो. काही टाकून द्यायला आपला हात धजत नाही. पण एका वस्तूच्या बाबतीत ही काटकसर जिवावर येते. ती वस्तू म्हणजे बिघडलेली बॅटरी.

बॅटरी बिघडली हे कसे ओळखावे? मोबाईलची पाठ वर उचलली जाते. काच एका बाजूने सुटते. मोबाईल सपाट फळीवर ठेवला तर डुगडुगतो. नुसता पडून असतानाही गरम होतो. उग्र, गोडसर वास येतो. भरलेली बॅटरी बघता बघता उतरते. यातले शेवटचे चिन्ह नुसत्या म्हातारपणाचे असेल. पण बॅटरी फुगली, वास आला किंवा उगाच तापली, तर त्या क्षणापासून तिचा वापर बंद.

तिला दाबून सपाट करू नका. टाचणीने भोक पाडून आतली हवा काढू नका. आतली ती हवा म्हणजे पेटणारा वायू आहे. एकदा शेवटचे चार्जिंग करून पाहू, असेही म्हणू नका. मडक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घ्या. त्यात ती ठेवा. डब्याचे झाकण घट्ट लावू नका. डबा घराबाहेर, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी, पेंढ्यापासून लांब ठेवा. मग तालुक्याच्या गावी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात नेऊन द्या.

जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. २०२२ सालच्या सरकारी नियमाने ती घातली आहे. तेव्हा दुकानदाराला विचारायला लाजू नका. बॅटरी कचऱ्यात टाकू नका. शेकोटीत किंवा होळीत तर मुळीच टाकू नका. पोरांना फोडायला देऊ नका. भंगारवाल्याच्या गोणीत लोखंडाबरोबर ती गेली, तर तो ती ठोकेल, आणि जखम त्याला होईल. तोही कोणाच्या घरचा कर्ता माणूस आहे.

आग लागलीच तर

आधी माणसे बाहेर काढा. पोरे, म्हातारी माणसे, आजारी माणसे. वस्तू नंतर. धुरात उभे राहू नका. खाली वाकून बाहेर पडा.

मोबाईलमधून धूर येऊ लागला आणि तो चार्जिंगला असेल, तर मुख्य खटका बंद करता येत असेल तरच करा. जळता मोबाईल हातात धरू नका. वीज बंद झाली असेल तर लांबून त्यावर पाणी ओता. एक तांब्या नव्हे, बादल्या ओता. पाण्याने बॅटरी थंड होते, आणि तिला थंड करणे हाच उपाय आहे. ज्योत गेली तरी लगेच जवळ जाऊ नका. आतून तापलेली बॅटरी थोड्या वेळाने, कधी काही तासांनीही, पुन्हा पेटते.

स्कूटरची मोठी बॅटरी पेटली तर तिच्याशी झुंजू नका. सगळ्यांनी लांब व्हा आणि १०१ किंवा ११२ या आकड्यावर फोन करा. विजेची गाडी पेटली आहे, हे आधी सांगा.

कोणी भाजले तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडत राहा. बर्फ नको, हळद नको, शेण नको, दात घासायची पेस्ट नको. नंतर स्वच्छ फडके सैल झाकून रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेचा आकडा १०८ आहे. हे तीनही आकडे दाराच्या आतल्या बाजूला खडूने मोठे लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. घरातल्या सगळ्यांकडून ते वाचून घ्या.

आता तुम्हाला वाचता येते

वाचायला येण्याचा उपयोग इथे आहे. चार्जर किंवा पॉवर बँक घ्याल तेव्हा ती हातात घेऊन नीट पाहा. आपल्या देशात विकायच्या अशा मालावर भारतीय मानक ब्यूरोची खूण असावी लागते. तिच्यात मानकाचा आकडा आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणीचा आकडा असतो. खूण नसेल तर माल परत द्या. पावती मागा. दुकानदार म्हणेल, "घ्या हो, सगळे हेच नेतात." तुम्ही म्हणा, "दादा, वाचून घेतो मी."

एवढे लक्षात ठेवा:

१. उशीखाली, अंथरुणात, पेंढ्याजवळ चार्जिंग करू नये.
२. माणसे जागी असताना चार्जिंग करावे. निजताना चार्जर काढावा.
३. ज्याचा चार्जर त्यालाच लावावा.
४. स्कूटरची बॅटरी माणसे झोपतात त्या खोलीत आणि दारात लावू नये.
५. भिजलेली वस्तू तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.
६. फुगलेली बॅटरी वापरू नये, फोडू नये, जाळू नये.
७. आग लागली तर आधी माणसे, मग पाणी, मग फोन. बॅटरी मोठी असेल तर आधी माणसे आणि लगेच फोन.

आज रात्री निजण्यापूर्वी एक काम करा. घरातून एक फेरी मारा. कुठे कुठे काय चार्जिंगला लावले आहे, ते पाहा. हात लावून कोणते गरम आहे, ते पाहा. त्याच्या जवळ कापूस, कागद, पेंढा असेल तर दूर सारा. आपली आजी निखारे झाकल्याशिवाय निजत नव्हती. आपणही चार्जर काढल्याशिवाय निजू नये.